देव चांगला, मग हे का घडतं?

देव चांगला आहे, तर माणसं इतकी वाईट का वागतात? आम्हा ख्रिस्ती बायकांना हा प्रश्न प्रार्थनेला बसल्यावरही पडतो आणि भाजी निवडतानाही. आज एका बाईची गोष्ट सांगतो आणि तिच्यावरून काय वाटतं ते बोलतो.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. १९९२ साली त्या मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या गरीब आदिवासींना बियाण्यासाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी सावकारापुढे हात पसरावा लागायचा आणि मग व्याज फेडता फेडता जन्म जायचा. हे तुम्हाला समजावून सांगायला नको. सिस्टरांनी बायकांना एकत्र बसवलं, थोडी थोडी बचत सुरू करून दिली. बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, ते शिकवलं. म्हणजे आपण गटात करतो तेच. सावकारांना ते खुपलं.

२५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या. पुढे केरळला घरी जायचं होतं. वाटेत समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर चाकूचे वार केले. पन्नासहून जास्त जखमा. बसमध्ये माणसं होती, पण कुणी मध्ये पडलं नाही.

अशा वेळी 'देवाचीच इच्छा' म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. चाकू देवाने धरला नव्हता. दाव्याला बांधलेल्या गुरासारखं देवाने माणसाला ठेवलेलं नाही. म्हणून माणूस माया करू शकतो आणि गळाही कापू शकतो. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण खरं सांगू? जिची लेक गेली, त्या आईचं एवढ्याने समाधान होत नाही.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात काइन आपल्या भावाला, हाबेलला, शेतात मारतो. देव त्याला विचारतो, की तुझा भाऊ कुठे आहे. काइन हात झटकतो. आपण देवाला विचारतो, तू कुठे होतास. आणि देव आपल्याला विचारतो, तुझी बहीण कुठे आहे. बसमधल्या प्रत्येकाला तो प्रश्न होता. याच गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. देव काइनला शिक्षा देतो, रानोमाळ भटकायला लावतो, पण त्याला कुणी ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. ज्यांनी भरीस घातलं त्यांनी पाठ फिरवली, म्हणून तुरुंगात तो सुडानेच पेटला होता. स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. पुढे आईही गेली. तिने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. २००६ साली तो सुटला, त्या सुटकेला या कुटुंबाचाही पाठिंबा होता. पुढच्या वर्षी तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आला.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. सेल्मींनी राखी बांधली तेव्हा तो गजांआड होता. खटला झाला होता, शिक्षा चालू होती. मार खाऊन आलेल्या बाईला 'येशूने क्षमा केली, तूही कर आणि नांदायला जा' असं सांगतात, ते निराळं. आमच्यातही सांगतात. तिची क्षमा तिच्यापाशी, तिला जमेल तेव्हा. तोवर पोलीस आहेत, २००५ च्या कायद्याने नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत आणि गटातल्या चारजणी सोबत जायला आहेत.

मग देवाचा चांगुलपणा कुठे? चाकू अडवला गेला नाही, हे खरंच. क्रुसावरचा येशू आम्ही रोज पाहतो. त्या दिवशीही कुणी हात अडवला नाही. आमचा देव मार खाणाऱ्याच्या बाजूला सापडतो, एवढं आम्हाला तिथे कळतं. आणि सेल्मींना तुरुंगाच्या दारापर्यंत जायचं बळ मिळालं, तेही त्याच्याकडूनच, असं आम्ही मानतो. तुम्ही न मानलं तरी राखी बांधली गेली, हे घडलेलंच आहे.

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला सिस्टरांना 'धन्य' घोषित केलं. त्यांची कबर उदयनगरला आहे.

गटाच्या बैठकीत यावर बोला आणि काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. विशेषतः बसमधल्या लोकांबद्दल. चाकू बघून माणूस गोठतोच, असं आमच्यातल्या काहीजणी म्हणतात; बाकीच्यांना ते मान्य नाही.