क्रीडांगणाचे चालक आणि कायद्याची जबाबदारी



जळगाव आणि धुळे परिसरात मैदाने, व्यायामशाळा, उन्हाळी शिबिरे आणि सहली यांचा फार मोठा भार सार्वजनिक न्यास आणि शिक्षणसंस्था वाहतात. त्यांच्या चालकांत कोणी सराफ असतो, कोणी अडत्या, कोणी कापडवाला. सायंकाळी दुकान वाढवून संस्थेच्या कार्यालयात येऊन बसणारी ही मंडळी मानधनाचा एक रुपया घेत नाहीत. त्यामुळे सेवाभावाने केलेल्या कामाला कायद्याचा काच नसतो, अशी एक समजूत त्यांच्या मनात घर करून राहिली आहे. ती समजूत धोक्याची आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ नुसार सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या कारभाराची आणि मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या कारभारात घेतली पाहिजे. वखारीत तागे रचण्यापूर्वी वरचा पत्रा गळतो का, हे स्वतः शिडीवर चढून पाहणारा व्यापारी संस्थेच्या मैदानावरील गोलपोस्ट पक्का रोवला आहे का, हे मात्र शिपायावर सोपवितो. हे दृश्य नित्याचे आहे.

या विषयात सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद हा निर्णय प्रत्येक चालकाने समजून घ्यावा असा आहे. पठाणकोटजवळील एका शाळेची मुले २८ मे १९९५ रोजी व्यास नदीच्या काठी सहलीस नेण्यात आली होती. त्यांतील १४ मुले बुडाली. प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. शिक्षकांच्या निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व संस्थेवर आले. निर्णयातील एक विचार विशेष मननीय आहे. काळजीचे माप सर्वत्र सारखे नसते. मुलांना दुसऱ्या शाळेच्या इमारतीत सामन्यासाठी नेले, तर ती जागा सुरक्षित आहे याची खात्री करून घेणे पुरते. नदीकाठी खेळावयास आणि पोहावयास नेले, तर काळजीची पातळी कितीतरी वर जाते आणि तेथे कोणतीही सबब चालत नाही. पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ येथे सहली नेणाऱ्यांनी हे माप लक्षात ठेवावे.

‘अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे छापील संमतीपत्र पालकांकडून भरून घेण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. त्या कागदावर चालकांचा जेवढा विश्वास असतो, तेवढे बळ त्यात नसते. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच स्पष्ट केले. पालकांची सही ही मुलाला पाठविण्याची अनुमती असते. संस्थेच्या निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे. फौजदारी गुन्हा तर कोणाच्याही सहीने पुसला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे केली आहे. तरीही संमतीपत्र निरुपयोगी नाही. मुलाला दमा आहे का, फिट येते का, पोहता येते का, हे त्यात विचारले असेल, तरच त्याचा खरा उपयोग.

तलाव अथवा व्यायामशाळा ठेकेदाराकडे दिली म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे गेली, असेही मानले जाते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तलाव ठेक्याने दिलेला होता, तरी प्रश्न महानगरपालिकेलाही विचारले गेले.

खानदेशापुरता एक मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि नेमके त्याच वेळी शिबिरे भरतात. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातील शासकीय सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. जे ऊन सर्वांना आधीपासून ठाऊक आहे, त्याला दैवी आपत्ती म्हणता येत नाही. शिबिर सकाळी नऊपूर्वी आटोपावे, सावली आणि पाणी यांची व्यवस्था असावी, आणि जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

आणखी एक विषय, ज्यावर सभांतून सहसा मौन असते. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि सामन्यांची जागा स्पष्टपणे घातली आहे; दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. मुलांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा त्याहून कठोर आहे. प्रशिक्षकाविरुद्धची तक्रार संस्थेची अब्रू जाईल म्हणून आपसात मिटविणाऱ्या, पोलिसांना न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अब्रूची चिंता करणाऱ्यांनी त्या मुलीच्या आईसमोर क्षणभर उभे राहून पाहावे.

विम्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. विमा भरपाईचा भार उचलतो, फौजदारी खटला मात्र ज्याचा त्यालाच लढावा लागतो. हप्ता भरण्यापूर्वी पोहणे, सहल आणि परगावचे सामने पॉलिसीत समाविष्ट आहेत का, हे सचिवांनी स्वतः वाचून घ्यावे आणि तिची एक प्रत क्रीडाशिक्षकाकडेही द्यावी.