कान वाजतात तेव्हा

(आरोग्य मेळाव्यातील भाषण)



कुणाला भलतेच ऐकू आले की आपण म्हणतो, "तुझे कान वाजले असतील." विषय तिथेच संपतो. ज्याचे कान खरोखर वाजतात त्याचा विषय मात्र रात्री सुरू होतो. गाव झोपले, की कुणाच्या कानात रातकिड्यासारखे किर्र होते, कुणाच्या शिट्टी वाजते. शेजारी झोपलेल्याला काहीच ऐकू येत नाही. बोलावे तर कुणी वेड्यात काढतो, कुणी कर्णपिशाच्च म्हणून मांत्रिकाकडे नेतो. बंधूंनो, हे पिशाच्च नव्हे आणि वेडही नव्हे. याला कर्णनाद म्हणतात.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार नाजूक केसाळ पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. संदेश कमी पडला की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवतो, असे तज्ज्ञ मानतात. रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला तर खरखरच वाढते, तसे हे आहे.

आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगमध्ये रेच्यांचा आवाज आणि वणीकडे कोळशाच्या खाणी. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली. ९५ झाले की ४ तास, ११५ ला फक्त १५ मिनिटे. कानात कापसाचा बोळा घालून भागते, हा आपल्याकडचा लाडका समज. बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. मालकाकडे इअरप्लग किंवा इअरमफ मागा. आवाजाने आलेले बहिरेपण हा कायद्याने मानलेला व्यवसायजन्य रोग आहे. पण भरपाई मागायची तर श्रवणचाचणीचा कागद हवा, आणि तोच आपण करून ठेवत नाही.

मिरवणुका आपल्याच आहेत, म्हणून बोलतो. सन २००० च्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आवाज चालतो. डीजेच्या भिंतीपुढे नाचणारी पोरे दुसऱ्या दिवशी कानात सूं होते म्हणतात. ते बहुधा थांबते, पण प्रत्येक वेळी सगळे भरून निघतेच असे नाही.

उपाय काय? खात्रीची गोळी नाही. कधी नुसता मळ काढला तरी आवाज थांबतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो. रात्री अगदी शांतता ठेवू नये. पंखा किंवा हळू रेडिओ चालू द्यावा. लसणाचे गरम तेल आणि काडी मात्र नको. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीनची इंजेक्शने चालू असताना कान वाजू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा. उपचार मनाने बंद करू नका.

एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी निघा. तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. एकाच कानात आवाज, सोबत चक्कर, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड असेल तरीही तपासणी टाळू नका. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे केसपेपर काढल्यावर "कमी ऐकू येते" एवढ्यावर थांबू नका. कोणता कान, केव्हापासून, आणि कोणत्या यंत्राजवळ किती वर्षे काम केले, तेही लिहून घ्यायला सांगा.