कलाशाखेचा विषय निवडताना
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षमहाराजांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. वास्तविक या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? जुन्या अकरावीची मॅट्रिक आम्ही १९७४ साली उत्तीर्ण झालो, पुढे डी.एड. करून चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला आणि २०१६ साली निवृत्त झालो. महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलो ती केवळ इतरांच्या मुलांचे प्रवेशअर्ज भरून देण्यासाठी. परंतु ते अर्ज इतके भरले की, त्यांतून थोडेफार शहाणपण आणि बरीचशी खंत आमच्या पदरी पडली. तीच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मघाशी बारावीच्या गुणवंतांची नावे पुकारली गेली. त्यांत कलाशाखेची एकच मुलगी होती, आणि तिचे नाव येताच टाळ्या जरा जपूनच पडल्या. कोणी मुद्दाम केले असे नव्हे. ‘कलाशाखा म्हणजे ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही त्यांची धर्मशाळा’ ही समजूत आपल्या घराघरांत इतकी मुरली आहे की, हात आपोआपच आखडतात. आमचेही आखडत असत.

याविषयी एक घरची गोष्ट सांगतो. आमचा एक पुतण्या २००३ साली दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. लहानपणापासून त्यास नकाशांचे वेड. शाळेची नकाशाची वही त्याने हाताळून हाताळून फाडली होती. रेल्वेच्या वेळापत्रकावरून तो वहीत मार्ग आखीत बसे. भूगोल शिकावयाचा, असे तो स्वच्छ शब्दांत म्हणाला. घरातील शिकलेला माणूस म्हणून सर्वांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही निर्णय दिला : एवढे गुण मिळवून भूगोल? विज्ञानच घ्यावयाचे, आणि पुढे अभियांत्रिकी. मुलगा आज्ञाधारक होता. बारावी कशीबशी पार पडली, अभियांत्रिकीत मात्र दर सहामाहीस केटी लागू लागली. चार वर्षांनंतर त्याने ते शिक्षण सोडले. वडिलांनी काढलेले कर्ज राहिलेच. २०१० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या मुलांसोबत तो बी.ए.च्या पहिल्या वर्गात जाऊन बसला. पुढे त्याने भूगोलात एम.ए. केले, आणि आज तो संगणकावर उपग्रहचित्रांवरून पाणलोट क्षेत्रांचे नकाशे तयार करतो. त्याच्या अभियंते झालेल्या मित्रांइतके वेतन त्यास नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याची सात वर्षे आम्ही घेतली. त्याने आम्हांस क्षमा केली की नाही, हे विचारण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही.

आता कोणी म्हणेल, मग मुलांनी सरसकट कलाशाखेकडे धाव घ्यावी काय? मुळीच नाही. विज्ञानाची खरी गोडी असलेल्या मुलास कवितेच्या तासाला डांबणे हाही तितकाच अन्याय होय. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविते झाले, आणि केंब्रिजला जाऊन शिकले ते निसर्गविज्ञान. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्यांनीच केला. माणसाची बुद्धी शाखांच्या भिंती पाहून चालत नसते. आमचे म्हणणे इतकेच की, मुलगा काय वाचतो, कोणी न सांगता कोणत्या गोष्टीमागे लागतो, हे आधी पाहावे आणि गुणपत्रिका त्यानंतर उघडावी.

कलाशाखा घ्यावयाची ठरली तरी प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. ‘बी.ए. करतो’ या उत्तराने काहीच कळत नाही. कशात? पुष्कळ मुले मित्राने जो विषय घेतला तो घेतात, किंवा ज्याचा पेपर सोपा जातो असे ऐकले तो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य विषयासोबत दुसरा एक दुय्यम विषय घेता येतो. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्सची. तेव्हा जोडी विचारपूर्वक जमवावी, लग्न जमविताना पाहतो तशी. इतिहासाबरोबर एखादी भाषा घेतली तर दोन्ही बळावतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत आणि ते सहज वाचणारी माणसे मोजकी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी शिकून घेतली तर त्यास कामाची ददात पडणार नाही, असे आम्हांस वाटते.

अर्थशास्त्राविषयी मात्र एक इशारा. गणित सुटले म्हणून आनंदाने कलाशाखेत आलेली मुले अर्थशास्त्र घेतात, आणि पदव्युत्तर वर्गात गणिताने त्यांची वाट अडते. ज्यांस हा विषय खरोखर करावयाचा आहे त्यांनी संख्याशास्त्राची सोबत सोडू नये. धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्री होते. परंतु प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले आणि शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अर्थशास्त्र म्हणजे केवळ पुस्तकी व्याख्या पाठ करणे नव्हे, हे त्यावरून दिसेल. मानसशास्त्राकडे हल्ली मुलींचा ओढा फार. चांगली गोष्ट आहे. परंतु नुसत्या बी.ए.वर मानसोपचाराचे काम करता येत नाही, पुढे आणखी काही वर्षे शिकावे लागते, हे आईवडिलांनी आरंभीच समजून घ्यावे. त्या विषयातही संख्याशास्त्र येतेच.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडेच बोलतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. अर्ज लाखो, जागा हजाराच्या आसपास. केवळ त्या परीक्षेसाठी न आवडणारा विषय घेऊन बी.ए. करणे म्हणजे सोडतीच्या भरवशावर घर बांधणे होय.

एकदा घेतलेला विषय जन्मभर गळ्यात पडतो, ही भीतीही अनाठायी आहे. इरावतीबाई कर्वे १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. झाल्या तेव्हा त्यांचा विषय तत्त्वज्ञान होता. पुढे मुंबईस घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला, बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, आणि ‘युगान्त’ लिहून १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविला. पहिल्या विषयाने त्यांस बांधून ठेवले नाही. विचार करावयास मात्र शिकविले असणार.

मुलांनो, तुम्हांस एक साधी युक्ती सांगतो. जो विषय घेण्याचे मनात आहे त्यावरील एक जाड पुस्तक, गाइड नव्हे, सुट्टीत वाचावयास घ्या. पन्नास पानांनंतरही पुढे वाचावेसे वाटले तर त्या विषयाचा विचार करा. मग तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून पाहा. पहिल्या वर्षाचा सगळ्याच विषयांचा गोड असतो. आणि ज्या महाविद्यालयात जाणार तेथे त्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत याची चौकशी करा. इमारत पाहून प्रवेश घेऊ नका. पालकांपैकी ज्यांस ही चौकशी करणे अवघड वाटत असेल त्यांनी निःसंकोच आमच्याकडे यावे. दर रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कार्यालयात असतो.

आता शेवटचा मुद्दा. तो कडू आहे, आणि त्यात आम्हीही दोषी आहोत. आपल्या मंडळाची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि वाणिज्य या शाखांनाच मिळते. हा नियम झाला तेव्हा आम्ही समितीत होतो आणि त्याच्या बाजूने हात वर केला होता. ‘पैसा जेथे परत येईल तेथे लावावा’ असे एका सभासदांनी म्हटले, आणि आम्हांस ते पटले होते. यंदा एका मुलीने इतिहास विषय घेऊन बी.ए. करण्यासाठी अर्ज केला. तिचे वडील हयात नाहीत. आई शिवणकाम करून घर चालविते. गुण उत्तम आहेत. अर्जासोबत तिने आपल्या गावच्या जुन्या बारवेविषयी स्वतः हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून लिहिलेली बारा पाने जोडली आहेत. आम्ही ती दोनदा वाचली. त्यांत चुका आहेत, पण एकही ओळ उतरवून काढलेली नाही. नियमावर बोट ठेवून समितीने अर्ज नामंजूर केला, आणि समितीच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

नियमातील शाखांची नावे वगळून ‘कोणत्याही शाखेच्या पदवी शिक्षणासाठी’ एवढे शब्द घालावेत, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेत ती मांडली जाईल. भोजनोत्तर पुष्कळ मंडळी घरची वाट धरतात. आज कृपा करून थांबावे. त्या मुलीचा अर्ज आम्ही परत पाठवू दिलेला नाही. तो कार्यालयातील कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.