खासगीपण कोणाचे, गुपित कोणाचे?

(महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पालिकेच्या कपाटात दोन तऱ्हेचे कागद असतात. एक आपल्याबद्दलचे : जन्ममृत्यूच्या नोंदी, विवाहनोंदणी, घरपट्टी, दवाखान्यातले केसपेपर, बचतगटाच्या कर्जाचे अर्ज. दुसरे पालिकेच्या स्वतःच्या कारभाराचे : ठेके, बिले, हजेरीपट, कामांचे आदेश. कायद्याचा हेतू असा की पहिले कागद सांभाळून ठेवावेत आणि दुसरे लोकांना दाखवावेत. आपला अनुभव बरोबर उलटा आहे.

आम्ही काम करतो त्या शहरात पालिकेच्या आरोग्य केंद्राच्या दारावर गरोदर बायकांची यादी डकवलेली होती. नाव, फोन नंबर, आधीची मुले किती, सगळे त्यात होते. येणारा-जाणारा कोणीही वाचावे. त्याच पालिकेकडे आमच्या संघटनेतल्या झाडूवाल्या बायकांनी ठेकेदाराचा हजेरीपट मागितला. आपल्या नावापुढे किती दिवस भरले, मजुरी किती दाखवली, एवढेच त्यांना पाहायचे होते. उत्तर आले, “ही वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.”

‘खासगी’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. नवऱ्याने मारले म्हणून बाई चौकीवर गेली की ‘ही तुमची घरगुती बाब’ म्हणून तिला परत पाठवत. ती भिंत पाडायला आपल्या चळवळीला किती वर्षे लागली! म्हणून खासगीपणाचे नाव कोणी घेतले की आपण आधी विचारायचे, यात झाकले कोण जाते? बाई, की तिच्यावर अन्याय करणारा?

याचा अर्थ खासगीपण आपल्याला नको असा नाही. ते आपल्यालाच सर्वांत जास्त हवे आहे. घर सोडून आलेल्या बाईचा पत्ता, गर्भपाताची नोंद, एचआयव्हीचा तपासणी अहवाल बाहेर फुटला तर तिचा जीवसुद्धा जाऊ शकतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, तो आपल्याही कामाचा आहे.

पण हजेरीपट ही कोणाच्या घरातली गोष्ट नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचला जाई. आपले नाव ऐकून माणसे उठून सांगत, ‘मी या कामावर गेलोच नाही’, ‘मला एवढे पैसे मिळालेच नाहीत’. नावे वाचली म्हणून चोरी सापडली. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. माहितीच्या अधिकाराची मागणी अशी मजुरीच्या प्रश्नातून उभी राहिली. महाराष्ट्राचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा.

2005 च्या कायद्यात तोल होता. कलम 8(1)(ञ), म्हणजे इंग्रजी प्रतीतले ‘जे’, असे सांगत होते की, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने विनाकारण खासगीपणावर आक्रमण होईल, ती देऊ नये. व्यापक जनहित असेल तर द्यावी. शिवाय जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे त्यात होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सारे काढून टाकले. नोव्हेंबर 2025 पासून ही दुरुस्ती लागू आहे. आता त्या कलमात फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. अधिकाऱ्याचा नि ठेकेदाराचा कागदही या दोन शब्दांखाली झाकता येतो.

तोल साधणे अशक्य होते का? मुळीच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापत नाहीत, तरी नोंद सार्वजनिक राहते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, कलम 16 प्रमाणे, तक्रारदार बाईची ओळख माहिती अधिकाराखालीही उघड करता येत नाही. पण तिची ओळख न सांगता न्याय कसा मिळाला हे सांगता येते, आणि वर्षात किती तक्रारी आल्या याचा अहवाल द्यावाच लागतो. बाई झाकली, कारभार उघडा ठेवला. हीच आपली कसोटी.

आता अर्ज करताना काय करायचे?

आकड्यांनी भागत असेल तिथे नावे मागू नका. किती कामगार, किती दिवस, काय दर, ठेकेदाराला किती बिल, एवढ्याने पुष्कळ कळते. नावे लागतीलच तिथे कलम 10 चा आधार घ्या : पत्ता, बँक खाते, आधार क्रमांक झाकून बाकीचा कागद द्या, असे स्पष्ट लिहा. एरवी अर्जाचे कारण द्यावे लागत नाही. पण वैयक्तिक माहितीचा प्रश्न येणार असेल तर जनहित कोणते ते लिहाच. कलम 8(2) अजून शाबूत आहे : नुकसानीपेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. ज्या बाईची नोंद आहे तिनेच स्वतःसाठी अर्ज करावा. तिची माहिती तिच्यापासून कसली लपवायची? अनुदानाचे लाभार्थी आणि सवलती-परवाने मिळालेले लोक यांचा तपशील पालिकेने कलम 4 प्रमाणे आपण होऊन प्रसिद्ध करायचा असतो, त्याची आठवण द्या.

आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील, मग नव्वद दिवसांच्या आत आयोगाकडे दुसरे.

अर्ज करणारीलाही जपायला हवे. 2010 साली तळेगावला माहिती अधिकाराचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला, हे विसरू नका. 2013 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्जदाराला घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर पुरतो, असे म्हटले आहे. आणि कागद पाहण्याचाही हक्क आहे, तेव्हा तपासणी मागा आणि चौघीपाचजणी मिळून जा. एकटीवर दबाव येतो, गटावर तो आणणे अवघड.

दोन्ही मागण्या आपण एकाच वेळी लावून धरू या. दवाखान्याच्या दारावरची यादी काढा, आणि हजेरीपट दाखवा.