उणे पंचवीसमधला पाव

हार्बिनला जायचं म्हटलं, की लोक पहिल्यांदा थंडीचंच विचारतात. खोटं नाही ते. चीनच्या अगदी ईशान्येकडच्या हेइलोंगज्यांग प्रांताची ही राजधानी. जानेवारीत रात्री पारा उणे पंचवीसपर्यंत सहज उतरतो. सोंगहुआ नदी इतकी घट्ट गोठते, की तिच्यातूनच बर्फाच्या लाद्या कापून मनोरे नि राजवाडे उभारतात. १९८५ पासून हा बर्फाचा उत्सव भरतो. संध्याकाळी लाद्यांच्या आत दिवे लागले, की पाहतच राहावं. पण तासाभरात पायांची बोटं आपली राहत नाहीत आणि माणूस खाण्याकडे वळतो. मीही वळलो.

झोंगयांग रस्त्यावर आइस्क्रीमच्या कांड्या चक्क उघड्यावर, खोक्यांत मांडलेल्या. फ्रीज हवाय कुणाला? शेजारी गोठून काळ्या पडलेल्या नासपती. त्या थंड पाण्यात टाकल्या, की फळ आतून सैल पडतं आणि सालीभोवती बर्फाचं कवच धरतं. कवच फोडायचं, कोपरा चावायचा आणि रस चोखायचा, आपल्या रायवळ आंब्यासारखा! शाकाहाऱ्यांनीही घाबरू नये. बटाटा, वांगं नि ढोबळी मिरची तळून परतलेली 'दीसानश्येन' ही भाजी इथे सगळीकडे मिळते.

मी मात्र रमलो तो पावात. १८९८ साली रशियनांनी इथे रेल्वेचं काम सुरू केलं आणि शहर वसलं. १९१७ च्या क्रांतीनंतर तिकडून निर्वासितही आले. पावाला त्यांचा शब्द 'ख्लेब'. चिनी जिभेवर त्याचं 'लिएबा' झालं, आणि मोठा म्हणून 'दालिएबा'. जाड कडक सालीचा, किंचित आंबट, काखेत मारून न्यावा एवढा. आपणही पोर्तुगिजांकडून पाव घेतला, शब्दासकट. वडापाव खाताना कुणाला पोर्तुगाल आठवतं?

ते रशियन आता इथे नाहीत. १९५० च्या दशकात बहुतेक निघून गेले. सेंट सोफिया चर्चचा कांद्याच्या आकाराचा हिरवा घुमट आहे, पण मधल्या काळात तिथे गोदाम होतं आणि १९९७ पासून प्रदर्शन. प्रार्थना नाही.

पावाच्या दुकानात रांगेत पुढे एक आजी होत्या. सोबतच्या दुभाषाकरवी मी विचारलं, "हा रशियन पाव ना?"

आजींनी पाव काखेत मारला. "रशियन कसला? हार्बिनचा," म्हणाल्या आणि बर्फात चालू लागल्या.