खाणीचे तोंड



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटण्याची वाट पाहत. तेव्हा बोलण्यात खडे लागले तर निवडून बाजूला ठेवावेत. विषय मात्र आमच्या हाताखालून गेलेला आहे. जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीला वर, उजेडात, काय काय लागते, आणि तिथे आग लागू नये म्हणून काय सांभाळावे लागते, एवढाच तो आहे.

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही, हे खरे. पण निजामाच्या अमलात आपण होतो तेव्हा त्याच्या रेल्वेला सिंगरेणीचा कोळसा लागे, आणि पुढे परळीच्या वीजकेंद्रातही कोळसा वाघिणींतूनच आला. आपण दिवा पाहिला, राख पाहिली. खाण तेवढी पाहिली नाही. हा विषय या शहरात काढण्याचे दुसरे एक कारण आहे, ते ओघात येईल.

पंचविशीत आम्ही विदर्भातल्या एका खाणीत होतो. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. खाण म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. पण अंधारात उतरणाऱ्या माणसाचा जीव वरच्या चारदोन इमारतींत गहाण पडलेला असतो. पहिली लॅम्परूम. तिथे टोपीवरचा दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबराचा बिल्ला द्यायचा. पाळी सुटल्यावर दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर एखादा बिल्ला उरला, तर एक माणूस अजून खाली आहे. हजेरीबाबूच्या वहीपेक्षा आमचा त्या खिळ्यावर जास्त विश्वास. मग डोली किंवा दोर ओढणारे इंजिन, पाण्याचे पंप, लाकडाचा अड्डा, वर्कशॉप, कॅन्टीन, न्हाणीघर, पाळणाघर. सुरुंगाच्या दारूचे कोठार या सगळ्यांपासून लांब, एकटे. आणि पंखाघर.

पंख्यापाशी थोडे थांबतो, कारण सगळे मर्म तिथे आहे. खाणीला निदान दोन वाटा असतात. एका वाटेच्या तोंडावर मोठा पंखा बसवलेला असतो. तो खाणीतली वापरलेली हवा बाहेर ओढतो, आणि त्या ओढीने दुसऱ्या वाटेने ताजी हवा आत शिरते. पंखा बंद पडला तर माणसे गुदमरतात, हे कोणालाही कळते. पण ताजी हवा जिथून आत जाते त्या तोंडाशीच काही पेटले आणि पंखा चालू राहिला, तर तो धूर इमानेइतबारे शेवटच्या माणसापर्यंत पोचवतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्वाळा बघायला मिळण्याआधीच माणूस आडवा होतो.

हे आम्हांला त्या वेळी माहीत नव्हते. पाळी बदलताना ऊन फार लागे, म्हणून आम्ही मागणी केली की उतरत्या वाटेच्या अगदी तोंडाशी, बल्ल्या आणि ताडपत्रीचा एक मांडव घालावा. चहाची शेगडीही तिथेच असावी. मॅनेजरसाहेबांनी साफ नाही म्हटले. आम्ही दोन दिवस काम बंद पाडले. कामगारांना सावली देत नाहीत, अशी भाषणे केली; टाळ्याही पडल्या. शेवटी मांडव झाला, पण बराच लांब, पत्र्याचा. आम्ही तो अपमान मानला.

कायद्याची पुस्तके आम्ही पुढे वाचली. 1957 च्या कोळसा-खाण विनियमांत, आणि त्यांच्या जागी 2017 मध्ये आलेल्या विनियमांतही, खाणीच्या तोंडाजवळचे बांधकाम न जळणारे असावे, तेल-ग्रीस उघडे साठवू नये, झाडझाडोरा वाढू देऊ नये, लेखी परवानगीवाचून तिथे विस्तव पेटवू नये असे आहे. साहेब बरोबर होते. पुढाऱ्याने असे कबूल करू नये म्हणतात. पण आमचे केस आता पिकले आहेत.

ही कलमे कोणा कारकुनाला सुचलेली नाहीत. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ॲव्हनडेल येथे एकच उभी विहीर होती आणि कोळसा फोडण्याचा लाकडी कारखाना नेमका तिच्यावर उभा होता. 6 सप्टेंबर 1869 रोजी तो पेटून विहिरीत कोसळला. बचावाला उतरलेल्या दोघांसह 110 माणसे गेली. दुसरी वाट ठेवण्याचा तिथला कायदा त्यानंतर, 1870 मध्ये झाला. इलिनॉयमधल्या चेरी खाणीत विजेचे दिवे बंद होते म्हणून रॉकेलच्या मशाली लावल्या होत्या. 13 नोव्हेंबर 1909 रोजी खेचरांसाठी आणलेल्या गवताच्या गाडीला त्यांतलीच एक लागली. आधी कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग पंखा उलटा फिरवला, तेव्हा आग पंखाघरावर आणि सुटकेच्या जिन्यावर आली. मेले 259. पंखा उलटा फिरवण्याची सोय हवीच. पण ती केव्हा वापरायची हे ठरवणारा माणूसही शहाणा हवा. बेल्जियममधल्या मार्सिनेल येथे 8 ऑगस्ट 1956 रोजी डोलीत नीट न बसलेल्या वाघिणीने तेलाचा नळ आणि विजेच्या तारा तोडल्या. ताज्या हवेच्या विहिरीतच भडका उडाला, 262 गेले. निम्म्याहून अधिक पोटासाठी आलेले इटालियन मजूर. आपल्या देशात राणीगंज भागातल्या न्यू केंदा खाणीत 25 जानेवारी 1994 रोजी आग लागली, तेव्हा 55 जण गुदमरून गेले.

आमच्या खाणीत लाल बादल्या ओळीने टांगलेल्या होत्या. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हीच त्या उतरवल्या. वाळूच्या वर विड्यांची थोटके आणि पानाची पिंक. दोन बादल्यांना बूड नव्हते. होजपाइप होता, पण त्याचे तोंड नळाला बसेना, माप वेगळे. हे कळायला आग लागावी लागली नाही, एवढे आमचे नशीब. पण त्या थोटकांतली काही आमची होती, आणि मागण्यांच्या यादीत बादल्यांचे कलम आम्ही एकदाही घातले नव्हते. बूट होते, भत्ता होता, गूळ होता.

आता ते दुसरे कारण. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आपल्या वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले 6 कामगार गेले. तिथे कोळसा नव्हता, खोल विहीर नव्हती. पण ती बातमी वाचताना आम्हांला ॲव्हनडेलच आठवले.

तेव्हापासून औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्याच्या फाटकावर जातो, तिथे आम्ही आधी दारे मोजतो. दुसरे दार दिसले तर ते उघडते का ते पाहतो. पुष्कळदा त्यापुढे पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. मग विचारतो, आत्ता आत किती माणसे आहेत? ठेकेदाराच्या माणसांसकट आकडा लगेच सांगणारा फाटकवाला आम्हांला क्वचित भेटला. एका ठिकाणी आम्ही मागण्यांत तीन कलमे घातली: चहा, दुसरे दार आणि बिल्ल्यांची फळी. चहा पहिल्याच बैठकीत मंजूर झाला. फळी गेल्या महिन्यात लागली, तिच्यावर खिळे आहेत, बिल्ले यायचे आहेत. दाराविषयीची बैठक येत्या सोमवारी आहे.