ब्रेक दाबताच गाडी थरथरते तेव्हा

जुनी गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल, तर दोष बहुधा डिस्क किंवा ड्रममध्ये असतो. ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला हादरे बसत असतील, तर आधी व्हील बॅलन्सिंग पाहावे. स्टिअरिंग हलले तर पुढच्या डिस्क, सीट आणि पेडल हलले तर मागचे ड्रम, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारताना एबीएसमुळे पेडलला जाणवणारी धडधड मात्र बिघाड नव्हे.

गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असे सर्रास सांगतात. प्रत्यक्षात बहुतेकदा तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, ०.०३ मिलिमीटरचा फरकही पायाला कळू शकतो. मूळ कारण अनेकदा डिस्कच्या मागे दडलेले असते, ते म्हणजे हबवर साचलेला गंज. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथेच झिजते. हब तारेच्या ब्रशने साफ न करता नवी डिस्क बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. कॅलिपरच्या पिना अडकत नाहीत ना, हेही तेव्हाच पाहावे.

डिस्क लेथवर घासून घेता येते. पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होणार असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकत्रच बदलावेत. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत.